खिंड माझी, भेकर हरीभाऊ

यंदाच्या शिकारीत मी भेकर समजून माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीला मारलं.

तिला काही झालं नाही. मारलं ते गेरूच्या गोळ्यानं, आणि बरोबर पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध. नेम म्हणून पाहिलंत तर गेल्या कित्येक वर्षांतला माझा तो सगळ्यात चोख नेम. अक्का मात्र हे मान्य करायला तयार नाही. ती म्हणते, आंधळ्यानं फेकलेला धोंडासुद्धा कुठंतरी लागतोच.

वनखात्यातल्या वाचकांनी एवढ्यात उठून बसू नये. आधी सगळं ऐका.

मी राहतो साताऱ्यात. अक्का दिली आहे मुरुडच्या बाजूला, आगरदांड्याच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याशी एका गावात. गावाचं नाव सांगत नाही. ते छापलं तर पुढच्या शिमग्याला पुण्यामुंबईच्या गाड्या येऊन उभ्या राहतील आणि लोक भेकरासोबत फोटो काढतील, असं शब्बीरभाईंचं म्हणणं आहे. शब्बीरभाई म्हणजे गावच्या शिकारीचे प्रमुख. त्यांचा शब्द मोडायची सोय नाही, कारण माझी जागा त्यांच्या हातात आहे.

त्या गावात पूर्वी शिमगा सरला की शिकार निघायची. बंदूक गावात एकच, ठासणीची, शब्बीरभाईंच्या आजोबांची. बाकी सगळा गाव हाकारा घालायला. पुढं कायदा आला, बंदूक ठाण्यात जमा झाली आणि रानातल्या भेकरांनी सुटकेचा निःश्वास सोडला. गाव मात्र पेचात पडलं. शिकार बंद म्हणजे शिकारीचा दिवस बंद, दिवस बंद म्हणजे गावजेवण बंद, आणि मुख्य म्हणजे वर्षभर मारायच्या थापा बंद. तेव्हा जुनी मंडळी बसली आणि त्यांनी तोडगा काढला: जनावर तेवढं वगळायचं, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवायचं.

म्हणून आता शिमग्यानंतरच्या रविवारी गावातला एक माणूस भेकर होतो. अंगावर तपकिरी घोंगडी, कमरेला घुंगरं. पहाटे तो डोंगरावर जाऊन लपतो. वरून हाकारे डबे बडवत, आरोळ्या ठोकत रान उठवतात. खाली गावात उतरायला पाच वाटा आहेत आणि प्रत्येक वाटेवर एकेक शिकारी दबा धरून बसतो. शिकाऱ्याजवळ फक्त एक गोळा: कापडात भाताचं तूस बांधून गेरूच्या पाण्यात भिजवलेला. जुन्या बंदुकीत एकच बार असायचा, म्हणून गोळाही एकच. भेकराला लागला तर भेकर पडलं. चुकला, तर भेकरानं त्या शिकाऱ्याला ओलांडून पुढं जायचं आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल असं एकदा भुंकायचं. हे भुंकणं फार जिव्हारी लागतं. खाली देवळाजवळ मटण शिजवणाऱ्या बायकासुद्धा हात थांबवून विचारतात, कुठल्या वाटेवरून आलं गं?

गेली बरीच वर्षं ते माझ्या वाटेवरून येतं.

माझी वाट म्हणजे खिंड. पाच वाटांतली सगळ्यात अरुंद, दोन्हीकडे करवंदीची जाळी, मधून एक माणूस जेमतेम जाईल एवढी फट. तरुणपणी मेहुण्याचा मान म्हणून मला ती दिली आणि मी ती धरून ठेवली. भेकर माझ्याच खिंडीत का येतं, याचं उत्तर मी साताऱ्याच्या मित्रांना नेहमी असं देतो की, शिकारी मुरला की त्याला जनावराचं मन कळतं. मन कळूनही गोळा का लागत नाही, हे साताऱ्यात कोणी विचारत नाही. ती सभ्य माणसं आहेत.

शुक्रवार: दिघी

साताऱ्याहून महाड, माणगाव, म्हसळा असं उतरत दिघीला पोचलो. घाटात काय झालं ते सांगत नाही. घाटात सगळ्यांना तेच होतं. दिघीचा धक्का आला की मला कोकणात पोचल्यासारखं वाटतं, कारण पहिली चेष्टा तिथं होते.

दिघीहून खाडीपलीकडे आगरदांड्याला गाड्या घेऊन बोट जाते. इकडे तिला जंगलजेट्टी म्हणतात. तिच्यात जंगल कुठं आहे हे मी बऱ्याच जणांना विचारून पाहिलं. मी गाडी आत घातली, रुबाबात दार लावलं आणि जंजिरा दिसतो का बघायला कठड्याशी गेलो. बोट हलली. मागून बारीकसा कर्रर्र आवाज झाला. माझी गाडी हळूच पुढं सरकली होती आणि पुढच्या टेंपोच्या फळीला नाक लावून उभी होती. टेंपोत ओल्या बोंबलांच्या पाट्या होत्या. त्यातली एक कलंडली आणि बोंबील माझ्या बॉनेटवर येऊन पसरले.

टेंपोजवळ उभ्या असलेल्या कोळणीनं आधी बोंबलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाबा, गारीला हातबिरेक हाय का न्हाय?"

"आहे की."

"मंग तो काय घरी ठेवाला दिलाय?"

बोटीतली सगळी माणसं हसली. मीही हसलो, कारण पाण्यात दुसरीकडे जायला वाव नव्हता. बाईनं बोंबील गोळा केले, त्यातले चार बाजूला काढले आणि कागदात गुंडाळून माझ्या हातात दिले. "हे तुमच्या गारीनं खराब केलंय. घरी नेऊन खावा." मी पैसे पुढं केले तर म्हणाली, "राहू द्या. गारीला बिरेक बसवा." घाटावर माणूस चुकला की त्याच्याकडून भरपाई घेतात. इथं त्याला बोंबील देतात आणि वर बोलून घेतात. दोन्हींत महाग काय, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

अक्का ओटीवर उभीच होती. अक्का माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, पण आवाजानं अजून चाळिशीतली. तिनं मला वरून खालपर्यंत पाहिलं.

"आलास? पोट पुढं आलंय, केस मागं गेलेत. बाकी बरा आहेस. बोंबील कुठले?"

"भेट मिळाले."

"तुला? कोणाला धडकलास?"

आमच्याकडे पाहुण्याला आधी चहा देतात आणि मग चौकशी करतात. अक्काच्या गावात आधी चौकशी, मग चहा, आणि चहा पिताना उरलेली चौकशी. जेवायला तांदळाची भाकरी, ओल्या काजूची उसळ आणि ते बोंबील. आमची ज्वारीची भाकरी खाल्ली की दुसऱ्या घासाला पोटाला कळतं की कोणीतरी आलंय. ही तांदळाची भाकरी पांढरी, मऊ, हातात मोडते. तीन खाल्ल्या तरी पोटाला पत्ता नसतो आणि चौथीला एकदम उठता येत नाही.

मला उठता येईना, तेव्हा दाजी म्हणाले, "बस तिथंच. हे सोल." आणि लसणाचा ढीग माझ्याकडे सरकवला.

दाजी म्हणजे अक्काचे यजमान. मुरुडच्या शाळेत कवायतीचे मास्तर होते. त्यांच्या शिट्टीवर अर्धा तालुका सरळ उभा राहायचा. उंबराची वाट त्यांची. दोन वर्षांपूर्वी ते जागेवर बसल्या बसल्या पेंगले. भेकर त्यांच्या कानाशी येऊन भुंकलं तेव्हा त्यांनी डोळे न उघडताच "विश्राम" म्हणून हुकूम सोडला. त्या दिवशी जेवणानंतर शब्बीरभाईंनी त्यांना सन्मानानं टोपाजवळ बसवलं. टोप म्हणजे मटणाचं मोठं पातेलं. शिकारीतून उतरलेला माणूस तिथं जातो आणि लसूण सोलतो. तिथून पुन्हा रानात गेलेला कोणी अजून पाहण्यात नाही. उंबराची वाट अजून रिकामीच आहे, दाजींच्या मानाखातर तिथं कोणाला बसवलेलं नाही, आणि रिकाम्या वाटेनं भेकरानं उतरायचं नाही असा नियम आहे.

"दाजी, वाईट नाही वाटत?"

"कशाचं? सावली असते. रस्सा पहिल्यांदा आपल्याला चाखायला मिळतो." त्यांनी एक पाकळी नखानं सोलून टोपलीत टाकली. मग खाली बघत म्हणाले, "हाकारा उठला की पाय हलतात मात्र. आपोआप. ही म्हणते मुंग्या आल्या असतील."

मी ढिगातली एक कुडी उचलली. दोन पाकळ्या सोलल्या.

"अशी नाही," दाजी म्हणाले. "आधी बुडखा काप. शिकून ठेव, बापू. उपयोगी पडेल."

शनिवार: मुरुड

सकाळी शब्बीरभाईंकडे गेलो. त्यांची उमेदीची वर्षं मस्कतमध्ये गेली आणि आता ते नारळ-सुपारीच्या वाडीत पाणी सोडत असतात. त्यांच्या घरी सांदण असतं, तांदळाचं, वाफवलेलं, नारळाच्या रसाबरोबर खायचं. मी आमच्या इडलीशी त्याची तुलना केली तर भाभी आतून म्हणाल्या, "त्यांची ताटली परत घ्या."

सांदण संपेपर्यंत शब्बीरभाई हवापाण्यावर बोलले. मी ओळखलं की काहीतरी आहे.

"बापूसाहेब, दिलावर घेऊ नका. पोरांचं म्हणणं पडलं, खिंड आता जवानाला द्यावी."

"कुठली पोरं?"

"नितीन."

नितीन म्हणजे दाजींचा पुतण्या. मांडव्याहून मुंबईला जाणाऱ्या बोटीवर कामाला आहे आणि सुट्टीच्या दिवशी टेनिस बॉलच्या स्पर्धांत बोलिंग टाकतो. मला मामा म्हणतो.

"नितीन पोर? त्याला टक्कल पडायला लागलंय."

"तुमच्यापुढं पोरच की." शब्बीरभाईंनी मिशीवर हात फिरवला. "किती साल झाली, भेकर तुमच्या खिंडीतून येतं, भुंकतं नि जातं. गाव हसतं. यंदा गोळा लागला तर कोणाची बोलायची हिंमत नाही. न लागला तर जेवणानंतर बसू. इन्साफ करावा लागेल मला."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? परत येताना टोपाची जागा लागली. तीन दगडांची चूल मांडून झाली होती. बाजूला एक पाट होता, आणि थोडा सरकून दुसरा पाट मावेल एवढी जागा होती. मी तिकडे फार वेळ बघितलं नाही.

गुडघा दुखत होता, हे मी घरी कोणाला सांगितलं नव्हतं. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय आणि उजव्याचा काढायचाय, हेही सांगितलं नव्हतं. जवळचा चष्मा वेगळा, लांबचा वेगळा. खिंडीत बसायचं म्हणजे उकिडवं बसायचं आणि घुंगरं वाजली की ताडकन उठायचं. ते ताडकन गेली दोन वर्षं मला जमत नव्हतं. उठेपर्यंत भेकर पुढं गेलेलं असायचं. म्हणून दुपारी अक्काला समुद्र बघून येतो असं सांगून मुरुडला गेलो आणि औषधाच्या दुकानात शिरलो.

"गुडघ्याचा पट्टा द्या एक."

"मला पन तोच," शेजारचा माणूस म्हणाला. "मोठ्या मापाचा."

आवाज ओळखीचा वाटला म्हणून वळलो. हरीभाऊ. हरीभाऊ म्हणजे आमचं भेकर. एसटीत ड्रायव्हर होते, ह्या किनाऱ्यावरचं प्रत्येक वळण त्यांना तोंडपाठ, म्हणूनच गावानं त्यांना भेकर केलं. भुंकणंही त्यांच्यासारखं कोणाला येत नाही. वयानं माझ्याच जोडीचे. ऐन तारुण्यात त्यांनी माझ्या डोक्यावरून उडी मारलेली मी पाहिली आहे. पाहिली म्हणजे डोळे मिटले होते, पण वारा लागला.

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो.

"मंडळींसाठी," मी म्हणालो.

"आमचीबी मंडलीच," हरीभाऊ म्हणाले.

दुकानदार दोन्ही पट्टे हातात धरून म्हणाला, "काका, बायकांना मीडियम बसतो."

"लार्जच द्या," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

मग दोघंही समुद्राकडेच्या कट्ट्यावर बसून कोकम सरबत प्यालो. शिकारीच्या आदल्या दिवशी शिकाऱ्यानं भेकराशी बोलू नये अशी गावची रीत आहे, म्हणून आम्ही बराच वेळ समुद्राशी बोलावं तसं समोर बघून बोलत होतो. एसटीच्या जुन्या गाड्यांबद्दल, नातवंडांबद्दल. उठताना हरीभाऊंनी कट्ट्यावर दोन्ही हात टेकले. मीही टेकले. दोघांच्याही तोंडून एकच आवाज निघाला.

"हरीभाऊ," मला राहवेना, "उद्या कुठनं येणार?"

"भेकराला इचारतात व्हय कदी?" ते म्हणाले आणि पट्ट्याची पिशवी शर्टाखाली घालून निघून गेले.

रविवार: खिंड

उजाडता उजाडता जागेवर बसलो. पट्टा बांधला होता. गुडघ्याला धीर आला होता. पांगारा लाल फुललेला, काजूच्या बोंडांचा आंबूस वास, खाली झाडांच्या फटीतून खाडीचं पाणी. आमच्या साताऱ्याकडे ह्या दिवसांत डोंगर पिवळा पडलेला असतो. इथलं रान उन्हाळ्यातही गच्च हिरवं असतं आणि त्यात घोंगडी घातलेला माणूस पाच पावलांवरही दिसत नाही. गोळा हातात. लांबचा चष्मा डोळ्यांवर. मनात पक्कं केलं होतं की आज भेकर पडणार.

वरून डबे वाजायला लागले. हाकारा उठला की अजूनही माझ्या अंगात वारं शिरतं. इतक्या वर्षांत गुडघा गेला, डोळा गेला, ते मात्र गेलेलं नाही. मी दम धरून बसलो. डबे उजवीकडे गेले, मग लांब गेले, मग अगदी बारीक झाले. हाकारे बहुतेक चहाला थांबले होते.

तेवढ्यात खिशात फोन थरथरला. साताऱ्याहून सूनबाईंनी नातवाचं चलचित्र पाठवलं होतं. हाकारा लांब होता. मी लांबचा चष्मा काढून जवळचा घातला आणि नातू बघायला लागलो. नातू पहिल्यांदाच स्वतःच्या पायावर उभा राहत होता, पडत होता, पुन्हा उठत होता. मी ते दोनदा पाहिलं. ह्यात माझं काही चुकलं असं मला अजूनही वाटत नाही.

आणि घुंगरं वाजली.

खिंडीच्या खालच्या अंगाला, करवंदीत. छन्, छन्. काहीतरी तपकिरी वाकून चाललं होतं. भेकर वरून यायचं सोडून खालून का येतंय, असा प्रश्न मुरलेल्या शिकाऱ्याला पडायला हवा होता. मला पडला तो असा की, हरीभाऊ वळसा घालून मागून येऊन मला चकवायला बघतायत. म्हटलं, आज तुमचं मन मला कळलंय. मी उठलो. ताडकन उठलो, हे मुद्दाम सांगतो, त्या पट्ट्याला मानलं पाहिजे. हात मागं नेला आणि गोळा सोडला.

थप्प.

"अगं आई गं," भेकर म्हणालं.

करवंदीतून अक्का सरळ झाली. तपकिरी लुगडं, एका हातात चहाची किटली, दुसऱ्या हातात काचेच्या ग्लासांची तारेची जाळी. ग्लास अजून छन् छन् करत होते. पाठीवर हातभर लाल डाग.

"मुडद्या, मी काय चार पायांची दिसते?"

"वाकली होतीस, अक्का."

"जाळीखालून यायचं तर वाकू नको तर काय करू? रक्तदाबाची गोळी घरी विसरलास. हे म्हणाले, देऊन ये, नाहीतर तिथं जागेवरच आडवा व्हायचा." तिनं माझ्या डोळ्यांकडे पाहिलं. "आणि हा वाचायचा चष्मा लावून शिकारीला बसलायस? काय वाचत होतास, भेकराचं नाव?"

मी तिला चष्म्याचं समजावून सांगत होतो, ती मला माझ्या बुद्धीचं समजावून सांगत होती, आणि त्या गडबडीत वरच्या अंगाला खरी घुंगरं वाजायला लागली. ती धावत नव्हती. एका पायावर जरा जोर देत, सावकाश येत होती. घोंगडीत घामाघूम झालेले हरीभाऊ खिंडीच्या तोंडाशी येऊन थांबले. माझ्या हाताकडे बघितलं. हात रिकामा.

"बार झाला?"

"झाला," मी म्हणालो.

"कुनाला?"

अक्कानं वळून पाठ दाखवली. हरीभाऊंनी ती नीट, जवळून बघितली.

"नेम चांगला हाय," ते म्हणाले आणि दगडावर बसले. "वयनी, च्या हाय का गरम?"

शिकारी, भेकर आणि चुकून मेलेलं भेकर अशा तिघांनी मग खिंडीत बसून चहा घेतला. वरून डबे जवळ येत होते. हरीभाऊंनी ग्लास खाली ठेवला, अक्काला नमस्कार केला, चार पावलं पुढं गेले, मान वर केली आणि भुंकले. एवढा दांडगा आवाज मी इतक्या वर्षांत कधी ऐकला नव्हता. खाडीच्या पाण्यावरची पाखरं उठली. भुंकताना त्यांनी माझ्याकडे पाठ केली होती, एवढी माणुसकी त्यांनी दाखवली.

देवळाजवळ जेवण होतं. वाटे घातले ते पळसाच्या पानांवर, जुन्या शिकारीच्या हिशेबानं: हाकाऱ्यांचा, कुत्र्यांचा, गावात जे आजारी आहेत त्यांचा. आमच्याकडे जत्रेत मटणाला बोलावलं नाही म्हणून भावकी वर्षभर अबोला धरते. इथं अंथरुणाला खिळलेल्या माणसाचंही पान आधी निघतं आणि मग निरोगी लोक भांडायला लागतात. भेकर सुटलं तर कलेजी भेकराची, आणि पडलं तर पुढचा पाय शिकाऱ्याचा. यंदा कलेजी हरीभाऊंची, हे सरळ होतं. पण अक्का पाठ न धुताच पंक्तीत येऊन उभी राहिली.

"गोळा मला लागलाय. पडलेलं भेकर मी. माझा वाटा कुठाय?"

शब्बीरभाईंनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि अर्धी कलेजी तिला दिली. मीही दबक्या आवाजात पुढच्या पायाची चौकशी केली. अक्कानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्यानंतर ती मागणी मी परत घेतली.

पानं उचलली. मंडळी वडाखाली बसली. दाजींनी उठून टोपाजवळ आपल्या पाटाशेजारी दुसरा पाट मांडला. त्यावर सुरी ठेवली. बाकीचे सगळे लोक वडाकडे, आकाशाकडे, कुठंही बघत होते, फक्त माझ्याकडे सोडून. ते मला भुंकण्यापेक्षा जास्त लागलं.

नितीन उठला. पोरगा वाईट नाही, आधी माझ्या पाया पडला. "मामा, राग नको. पण शिकार म्हणजे लागली पायजे ना? आपला रेकॉर्ड काय आहे बघा. भाई, दाखवू?" त्यानं एक ओला गोळा घेतला, पाच पावलं धावत आला आणि लांब ठेवलेल्या हाकाऱ्याच्या डब्यावर सोडला. डबा उडाला, वडाच्या मुळावर आदळला आणि गडगडत हरीभाऊंच्या पायाशी येऊन थांबला. त्याला खोल पोचा पडला होता. हरीभाऊंनी तो उचलला आणि पोच्यावरून अंगठा फिरवला. मग पाठ थोडी खाजवली.

"माशाल्ला," शब्बीरभाई म्हणाले. नंतर माझ्याकडे वळले. "बापूसाहेब, तुम्हाला काही बोलायचं?"

बोलायचं पुष्कळ होतं. खिंडीतला तो उजेड, हाकारा उठल्यावर अंगात शिरतं ते वारं, वर्षभर साताऱ्यात बसून मी ह्या एका सकाळची वाट बघतो ते. पण एका हातानं गुडघ्यावरचा पट्टा लपवत असं काही बोलता येत नाही. मी म्हणालो, "तुम्ही ठरवाल ते."

"एक रिवाज बाकी आहे," शब्बीरभाई म्हणाले. "जागा बदलायची तर भेकराला विचारायचं. हरीभाऊ, तुमचं काय?"

हरीभाऊंनी डबा खाली ठेवला. "नितीनला उंबराची वाट द्या. मास्तरांची जागा हाय, मान राहील. खिंडीत बापूच पायजे."

"पण काका—" नितीन म्हणाला.

"खिंडीत बापू न्हाय तर मी भेकर व्हनार न्हाय. दुसरं बगा."

दुसरं भेकर गावात नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तसं भुंकणार कोण? शब्बीरभाईंनी मान डोलावली. दाजींनी पाटावरची सुरी उचलून परत आपल्याजवळ घेतली.  मुरलेला शिकारी आणि मुरलेलं जनावर, एकमेकांचा मान राखणारे दोन जुने वैरी! असं काहीतरी मनात जुळून आलं आणि तेवढ्यावर गप्प बसायचं सोडून मी सगळ्यांच्या देखत उठलो.

"हरीभाऊ," मी म्हणालो, "चार वाटा सोडून इतकी वर्षं तुम्ही माझ्याच खिंडीत का येता, ते सांगा एकदा ह्या पोरांना. कळू दे त्यांना शिकार काय असते."

हरीभाऊंनी धोतराखालचा पट्टा सैल केला आणि पाय लांब पसरला.

"माजं गुडघं गेलं, बापू. डोंगरावरनं खाली याला एक तरी वाट अशी पायजे, जितं कोन मारनारा न्हाय."